वडिलोपार्जित जमिनीवर बिल्डर येतोय: नाशिकच्या सहहिस्सेदारानं हरकत कुठं, कधी आणि कशी घ्यावी

मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव, पाथर्डी अशा शिवारांतले लोक माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन येतात, तेव्हा बहुतेक वेळा शेताला पत्रे लागलेले असतात. हरकत घेतलेलीही असते. पण ती चुकीच्या टेबलावर गेलेली असते, नाहीतर मुदत टळल्यावर. कुणी जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिलेलं असतं, कुणी पोलीस ठाण्यात अर्ज. महिनाभरानं उत्तर येतं: बाब दिवाणी स्वरूपाची आहे. तोवर खोदकाम झालेलं असतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की करून पुढं वाचा. मालकीच्या वादात काम थांबवतो तो दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम. तलाठी, महापालिका, महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) यांच्याकडच्या हरकती लागतातच, पण त्या या हुकमाची वाट तयार करतात. त्यांचा क्रम चुकला की एक भक्कम बाजूसुद्धा लंगडी पडते. पुढचं सगळं हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांसाठी आहे. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे वारसाहक्क वेगळे, त्यांनी दुसरी पायरी आपल्या कायद्यानुसार तपासावी. अनुसूचित जमातीच्या कुटुंबांनाही हिंदू वारसा कायदा थेट लागू होत नाही.

पायरी १: तुम्हाला नेमकं काय हवंय?

‘विरोध’ हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. जमीन अजिबात जाऊ द्यायची नाही, ही एक. माझा हिस्सा वेगळा काढून द्या आणि बाकीच्यांनी त्यांचं काय करायचं ते करावं, ही दुसरी. आणि भाव कमी मिळतोय म्हणून अडवायचंय, ही तिसरी.

पहिली गोष्ट कायद्यानं क्वचितच पूर्ण मिळते, हे आत्ताच ऐकून घ्या. प्रत्येक सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो. चुलतभावानं त्याचा चौथा हिस्सा बिल्डरला दिला तर तुम्ही तो व्यवहार सहसा मोडू शकत नाही. पण बिल्डर त्या भावाच्या जागी येऊन फक्त वाटणी मागू शकतो. ‘पूर्वेकडचा रस्त्यालगतचा एक एकर’ असा चतुःसीमेचा तुकडा भावाला एकट्याला देता येत नाही, कारण वाटणीच झालेली नसते. तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा बहुतेक वेळा इथंच सापडतो.

तिसरी गोष्ट हवी असेल तर दाव्याच्या भाषेत ‘पूर्वजांची माती’ घालू नका. उलटतपासणीत जमिनीच्या दराची चर्चा निघते आणि सगळा दावा खोटा वाटू लागतो.

पायरी २: जमीन कायद्याच्या अर्थानं वडिलोपार्जित आहे का?

सगळ्यात जास्त दावे इथं कोसळतात. बोलताना आपण आजोबांकडून आलेल्या कुठल्याही जमिनीला वडिलोपार्जित म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही.

समजा जमीन पणजोबांची होती, ते १९५६ चा वारसा कायदा येण्याआधी वारले आणि आजोबांकडे ती एकत्र कुटुंबाची म्हणून आली. त्यात नातवाला जन्मानं हक्क असू शकतो. आता दुसरं चित्र. आजोबांनी जमीन स्वतःच्या पैशानं घेतली आणि ते १९७० साली मृत्युपत्र न करता वारले. ती त्यांच्या मुलांना, मुलींना, पत्नीला आणि आई हयात असल्यास आईला सारख्या हिश्श्यानं मिळाली. वडिलांच्या वाट्याला आलेला भाग वडिलांचा स्वतःचा झाला. वडील जिवंत असताना नातवाला त्यात बोलता येत नाही. हे सर्वोच्च न्यायालयानं १९८६ साली चंदर सेन प्रकरणात स्पष्ट केलं. पण त्याच जमिनीत आत्याचा हक्क वडिलांइतकाच आहे. म्हणजे दावा नातवानं घातला तर पडतो, आत्यानं घातला तर उभा राहतो. वादी कोण, हे इथं ठरतं.

कूळकायद्यानं मिळालेल्या जमिनी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर आजोबांच्या नावे ३२ म चं, म्हणजे कूळ मालक झाल्याचं, प्रमाणपत्र निघालं असेल, तर कुळाचा हक्क त्यांच्या एकट्याचा होता की कुटुंबाचा, हे जुन्या पाहणीपत्रकांवरून दाखवावं लागतं.

मुलींबद्दल गावात अजून सांगितलं जातं: ‘तुझं लग्न ९४ च्या आधी झालंय, तुला हक्क नाही.’ महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीत ती अट होती. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीत ती नाही. विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलीचा हक्क जन्मानं आहे आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली विक्री किंवा वाटप या दुरुस्तीच्या जोरावर उकरता येत नाही. वडील १९५६ पूर्वीच वारले असतील तर प्रश्न वेगळा होतो. तिथं वकिलाच्या सल्ल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

> तपासा: ‘जमीन कुटुंबात कुणाकडून, कोणत्या साली, कशी आली’ हे तुम्हाला एका वाक्यात, फेरफार क्रमांकासह सांगता येतं का? येत नसेल तर पायरी ३ पूर्ण होईपर्यंत कुणालाही नोटीस पाठवू नका.

पायरी ३: कागद, आणि याच क्रमानं

आजचा सातबारा घेऊन वकिलाकडे जाणं म्हणजे शेवटचं पान वाचून पुस्तक सांगणं. सातबारा मालकीचा पुरावा नाही. तो महसुलाची नोंद आहे, खोडून दाखवेपर्यंत खरी मानली जाणारी. खरी गोष्ट त्यावर गोल करून लिहिलेल्या फेरफार क्रमांकांत असते.

पहिल्यांदा आजचा सातबारा आणि ८ अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा). मग त्यावरचा प्रत्येक फेरफार, मागं मागं जात, जमीन कुटुंबात आली तिथपर्यंत. एकही मधला सोडायचा नाही. मग हस्तलिखित जुने सातबारे आणि त्याआधीची पाहणीपत्रकं. काही जुने अभिलेख ऑनलाइन स्कॅन रूपात मिळतात. बाकीचे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज करून मिळवा. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, तेव्हा जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ दाखवणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. हा दुवा नसला की समोरचा वकील विचारतो, ‘ही तीच जमीन कशावरून?’ आणि आपण गप्प. गावठाणातला वाडा असेल, पंचवटीतल्यासारखा, तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका लागते.

शेवटी वंशावळ. मयतांचे मृत्यू दाखले जोडा. कुणाची सून, कुणाची दुसरी पत्नी, लहानपणी गेलेला मुलगा, सगळं लिहा. लपवलेला वारस पुढं साक्षीदार होऊन समोरच्या बाजूनं उभा राहतो.

जुन्या फेरफारांत नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.पु.’ अशी अक्षरं शोधा. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा पुढारी म्हणून नाव लागलंय, असा त्याचा अर्थ. माझ्या आत्याच्या प्रकरणात आख्खी बाजू या तीन अक्षरांवर उभी राहिली. साठीच्या दशकातल्या एका फेरफाराच्या नकलेत, शाई पसरलेल्या ओळीत, थोरल्या काकांच्या नावापुढं ती बारीक लिहिलेली होती. संगणकीकृत सातबाऱ्यावर ती उतरलीच नव्हती, तिथं काका एकटेच मालक दिसत होते.

‘इतर हक्क’ रकाना आणि भोगवटादार वर्गही पाहा. वर्ग २ असेल, किंवा कूळकायद्याच्या कलम ४३ ची अट, देवस्थान इनाम, आदिवासी खातेदार असा शेरा असेल, तर हस्तांतरणाला सरकारी परवानगीची अट असू शकते. ती न घेता व्यवहार झाला असेल तर हा मुद्दा जिल्हाधिकाऱ्यांकडे खरोखर चालतो. निवेदन द्यायचंच तर यावर द्या.

पायरी ४: आजवर कोणता दस्त झालाय?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर गट नंबर टाकून सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधा. नाशिकला दुय्यम निबंधकांची अनेक कार्यालयं आहेत आणि दस्त त्यांतल्या कुठल्याही कार्यालयात झालेला असू शकतो. एका ठिकाणी सापडलं नाही म्हणून थांबू नका. सापडलेल्या प्रत्येक दस्ताची प्रमाणित प्रत काढा. नुसती सूची पुरत नाही.

साठेखत (पुढं विकण्याचा करार) झालं असेल तर मालकी अजून गेलेली नाही, हीच वेळ आहे. विकसन करारनामा आणि सोबत कुलमुखत्यारपत्र असेल तर बिल्डर तुमच्या नातेवाइकाच्या वतीनं पुढचे सगळे कागद करू शकतो. मुखत्यारपत्रात तुमचं नाव घुसवलंय का, ते पाहा. खरेदीखत असेल तर विकलेला हिस्सा किती लिहिलाय ते वाचा. भावाचा चौथा असताना त्यानं पूर्ण विकलं असेल तर जादाच्या भागापुरता तो दस्त तुमच्यावर बंधनकारक नाही.

हक्कसोडपत्र सापडलं तर एकदा खोल श्वास घ्या. ते बहुधा बहिणींचं असतं. आत्याला ‘वारसनोंदीसाठी सही हवी’ म्हणून रिक्षात बसवून नेलं होतं. प्रमाणित प्रतीच्या शेवटच्या पानावर तिचा वेबकॅमवर काढलेला फोटो आहे. कॅमेऱ्याकडं न बघता बाजूला, पुतण्याकडं बघतेय. शेजारी अंगठ्याचा ठसा. आत चौथ्या पानावर लिहिलेलं: स्वखुशीनं, कोणताही मोबदला न घेता, कायमचा हक्क सोडला. तिला चौथी इयत्तेपर्यंतचं वाचता येतं. तो मजकूर तिला कुणी वाचून दाखवला नव्हता.

असा दस्त आपोआप रद्द होत नाही. फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत तो रद्द करून मागावा लागतो, आणि ‘कधी कळलं’ हे सिद्ध करावं लागतं. म्हणून प्रमाणित प्रत काढल्याची पावती, तारखेसह, जपून ठेवा.

> सावध: दुय्यम निबंधकाकडं ‘आमच्या जमिनीचा दस्त नोंदवू नका’ असा अर्ज देऊन निर्धास्त होऊ नका. मालकी ठरवणं त्याचं काम नाही. न्यायालयाचा हुकूम असेल तर त्याची प्रत मात्र जरूर द्या.

पायरी ५: पेपरातली जाहीर नोटीस

बिल्डरचा वकील मालकी तपासताना स्थानिक पेपरात छोटी नोटीस देतो: अमुक गटाबाबत कुणाचा हक्क असल्यास इतक्या दिवसांत कागदपत्रांसह कळवावं. नाहीतर हक्क नाही किंवा सोडून दिला असं समजण्यात येईल. नोटिशीला उत्तर दिलं नाही म्हणून हक्क जात नाही. पण नंतर बिल्डर ‘मी प्रामाणिक खरेदीदार, कुणी बोललंच नाही’ म्हणतो, आणि ते ऐकायला बरं वाटतं.

उत्तर एका पानाचं असावं: गट नंबर, नातं, हिस्सा, वाटणी झालेली नाही, माझी संमती नाही. जोडायला दोन फेरफारांच्या प्रती. स्पीड पोस्टानं पाठवा, पोच सांभाळा. सगळा पुरावा इथं उघड करू नका. आणि ‘एवढ्या रकमेत मी सही करीन’ असं वाक्य तर चुकूनही नको. ते पुढं निशाणी, म्हणजे कोर्टात क्रमांक लागलेला कागद, होऊन तुमच्याच समोर येतं.

पायरी ६: फेरफारावर हरकत: १५ दिवस

दस्त नोंदला की त्याची माहिती संगणकातून तलाठ्याकडं जाते. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. फेरफार धरला जातो आणि नमुना ९ ची नोटीस निघते. महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे हरकतीला १५ दिवस.

या १५ दिवसांत लोक कसे हरतात ते सांगतो. नोटीस जाते ती सातबाऱ्यावरच्या पत्त्यावर, म्हणजे गावच्या घरी. तुम्ही राहता सिडकोत किंवा पुण्यात. आमच्या बाबतीत नोटिशीवर सही होती चुलतभावाच्या मुलाची, ‘घरातील व्यक्ती’ म्हणून. तो एकोणीस वर्षांचा होता, आणि ज्याच्याविरुद्ध हरकत घ्यायची त्याचाच मुलगा. आम्हाला कळलं तेव्हा नोंद प्रमाणित होऊन बावीस दिवस झाले होते.

म्हणून नोटिशीची वाट पाहू नका. ‘आपली चावडी’ या सरकारी पानावर गाव निवडलं की चालू फेरफार आणि हरकतीची मुदत दिसते. व्यवहाराची कुणकुण लागल्यापासून दर सोमवारी ते उघडा. वाद सुरू होण्याआधीच तलाठ्याकडं आपला आत्ताचा पत्ता लेखी कळवून पोच घ्या.

हरकत तोंडी नाही, लेखीच. दोन प्रती, एकीवर तारखेची पोच. नोंद तक्रारीत गेली की गाव नमुना ६ अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत ती चढते आणि सुनावणी लागते. तिथं मालकीवर भाषण करू नका. त्या अधिकाऱ्याला मालकी ठरवायची नाही. तीन गोष्टी म्हणा: विक्रेत्याचा हिस्सा एवढाच, वाटणी नाही, दिवाणी दावा दाखल केलाय किंवा करतोय.

मुदत गेली असेल तर प्रमाणित नोंदीविरुद्ध प्रांताधिकाऱ्याकडं अपील आहे, ६० दिवसांत. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा आणि चुकीच्या पत्त्यावर नोटीस बजावल्याचा कागद दाखवा. आम्हाला त्याच कागदानं वाचवलं.

> तपासा: हरकतीच्या पोचीवर शिक्का, सही आणि तारीख तिन्ही आहेत ना? ‘ठेवून जा, बघतो’ ही पोच नव्हे.

पायरी ७: दिवाणी दावा

फेरफाराची हरकत चालू असतानाच दावा तयार व्हायला हवा. प्रांताच्या निकालाची वाट बघत दोन वर्षं घालवणारे लोक मी पाहिलेत. महसुली अपील जिंकूनही त्यांच्या शेतात चौथा मजला चढला.

जमीन जिथं, न्यायालय तिथलं. नाशिक तालुक्याची असेल तर शहरातलं, निफाड, सिन्नर, दिंडोरी, इगतपुरीची असेल तर तिथलं. दाव्याच्या किमतीनुसार कनिष्ठ की वरिष्ठ स्तर ते ठरतं. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. आत्यांना, बहिणींना हे आवर्जून सांगा. वकिलाची फी परवडणार नाही म्हणून त्या गप्प बसतात.

दावा फक्त मनाईचा नको. वाटणी आणि वेगळा ताबा मागा, सरस-निरस मानानं, म्हणजे चांगल्या-वाईट जमिनीचा मेळ घालून. जोडीला, झालेला दस्त माझ्या हिश्श्यावर बंधनकारक नाही असं ठरवून मागा. तुमची सही असलेला दस्त असेल तर तो रद्द करून मागा. आणि बिल्डरला बांधकाम व त्रयस्थाला विक्री करण्यास मनाई. नुसत्या मनाईच्या दाव्यात समोरचा म्हणतो, ‘मालकीवर वाद आहे आणि यांनी मालकीबद्दल काहीच मागितलं नाही,’ आणि दावा तिथंच अडतो.

वकिलाच्या टेबलावर हे मुद्दे स्वतः तपासा:

कुटुंबाची सगळी एकत्र मिळकत दाव्यात आहे का? वाद एका गटाचा असला तरी गावचं घर, विहिरीचा हिस्सा, दुसऱ्या शिवारातली पाच गुंठे, सगळं घालावं लागतं. अर्धवट मिळकतीच्या वाटणीचा दावा चालत नाही, असा आक्षेप हमखास येतो.

सगळे हिस्सेदार पक्षकार आहेत का? तुमच्या बाजूच्या बहिणीसुद्धा. त्यांना वादी व्हायचं नसेल तर प्रतिवादी करा. राग येणार नाही, आधी फोन करून समजावून सांगा.

मुदत काय? एकत्र मिळकतीतून वगळलं गेल्याचं कळल्यापासून १२ वर्षं. बापानं विकलेली वडिलोपार्जित जमीन परत मागायची तर खरेदीदारानं ताबा घेतल्यापासून १२ वर्षं. दस्त रद्द करायचा तर ३ वर्षं. दाव्यातली ‘कारण कधी घडलं’ ही ओळ निष्काळजीपणे लिहिली की दावा उंबऱ्यावरच नाकारला जातो.

शासन किंवा महापालिकेला उगाच पक्षकार केलंय का? त्यांच्यासाठी आधी नोटिशीची अट आहे. शासनासाठी दोन महिने. त्या दोन महिन्यांत जेसीबी तुमची वाट पाहत नाही. तातडीची परवानगी मागता येते, पण गरज नसेल तर त्यांना बाहेरच ठेवा.

विकणारा तुमचा बाप किंवा कुटुंबाचा कर्ता असेल तर आणखी एक अडचण. १९८८ च्या सुनील कुमार विरुद्ध राम प्रकाश या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की कायदेशीर गरजेसाठी कर्त्याला विक्री करण्यापासून आधीच मनाई करता येत नाही. विक्रीनंतर गरज नव्हती असं दाखवून ती आव्हानित करता येते. म्हणून कर्त्याविरुद्ध ‘विकू नका’ एवढाच दावा घालू नका. वाटणी मागा, आणि मनाई बिल्डरच्या बांधकामावर केंद्रित करा. कर्ज, लग्न, आजारपण अशी गरज दाखवली जाईल. त्या वर्षाचे सोसायटीचे आणि बँकेचे उतारे मिळवा.

दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज. कोर्टात त्याला ‘निशाणी ५’ म्हणतात, आणि खरी लढाई तिथंच होते. न्यायाधीश तीन गोष्टी बघतात: प्रथमदर्शनी बाजू आहे का, सोय-गैरसोयीचा तोल कुणाकडं, आणि न भरून येणारं नुकसान होईल का. तिसऱ्यात उशीर तुम्हाला मारतो. पाया भरताना आलात तर तोल तुमच्याकडं झुकू शकतो. दोन मजले झाल्यावर आलात तर न्यायालय म्हणेल, हिश्श्याचे पैसे मिळतील. म्हणून अर्जाला तारीख दिसणारे फोटो जोडा: उभी बाग, मोकळी माती, पहिला पत्रा.

> सावध: समोरच्याला न ऐकता एकतर्फी मनाई मिळाली तर हुकूम, अर्ज आणि कागद त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी समोरच्याला पाठवून तसं शपथपत्र दाखल करावं लागतं. हे राहिलं म्हणून हुकूम उठल्याची उदाहरणं आहेत. वकिलाला आठवण करा, स्वतः पोस्टात जा.

घर असेल तर वेगळं हत्यार आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्यानं घेतला तर त्याला घरात संयुक्त ताबा मिळत नाही, आणि त्यानं वाटणी मागितली तर १८९३ च्या वाटणी कायद्याखाली तुम्ही त्याचा हिस्सा विकत मागू शकता. शेताच्या बाबतीत, वारशानं हिस्सा मिळालेल्या भावंडाला वारसा कायद्याच्या कलम २२ खाली आधी खरेदीचा हक्क आहे. २०१९ साली बाबू राम प्रकरणात तो शेतजमिनीलाही लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं. पैसे उभे करायची तयारी असेल तरच हा मार्ग धरा.

पायरी ८: लिस पेंडन्सची नोटीस

दावा दाखल झाल्याचा क्रमांक मिळाला की त्याच आठवड्यात दुय्यम निबंधकाकडं लिस पेंडन्सची नोटीस, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची सूचना, नोंदवा. दावा चालू असताना घेणारा निकालाला बांधलेला राहतो, पण आपल्या राज्यातल्या दुरुस्तीमुळं ती नोंदवून ठेवणं हाच सुरक्षित मार्ग. नोंदली की ती सूची २ मध्ये दिसते, आणि फ्लॅट घेणाऱ्याचा, कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील ती वाचतो. गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा दाव्याशी अक्षरशः जुळल्या पाहिजेत.

पायरी ९: महापालिका, प्राधिकरण, महारेरा

शहर हद्दीत असाल तर राजीव गांधी भवनातला नगररचना विभाग. हद्दीबाहेरच्या महानगर क्षेत्रातल्या गावांत नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. आधी चौकशी करा की परवानगीचा अर्ज आलाय का. विकास आराखड्यातल्या जमिनीला पूर्वीसारखी वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही. ‘बिनशेतीच्या वेळी हरकत घेऊ’ म्हणून बसलात तर ती वेळ येणारच नाही.

पत्रात भावना नको. सहधारकांची यादी, परवानगीच्या अर्जावर कुणाची सही नाही ते, दाव्याचा क्रमांक आणि हुकमाची प्रत. मुखत्यारपत्र खोटं किंवा रद्द झालेलं असेल तर परवानगी चुकीच्या माहितीवर मिळवली म्हणून ती रद्द करण्याची मागणी करा. महापालिका कायद्याच्या कलम २५८ मध्ये तो अधिकार आहे. हुकूम नसेल तर ‘मालकीचा वाद न्यायालयात सोडवा’ असंच उत्तर येईल. ते उत्तरही जपा.

प्रकल्प मोठा असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याचं पान उघडा. बिल्डरनं मालकी आणि चालू दावे जाहीर करायचे असतात. तुमचा दावा तिथं नसेल तर त्या पानाची प्रत काढून महारेराला कळवा. महारेरा मालकी ठरवत नाही, पण माहिती दडवल्याचा प्रश्न त्यांच्या अखत्यारीत येतो.

पायरी १०: शेतावर

ताबा सोडू नका. पीक घ्या, ई-पीक पाहणी वेळेवर स्वतः नोंदवा, वीजबिल आणि पाणीपट्टी भरत राहा. मोजणीची नोटीस आली तर हजर राहा आणि मोजणीदाराला लेखी हरकत द्या. गैरहजर राहिलात तर नकाशावर बिल्डरचीच हद्द उमटते.

पत्रे उपटू नका, माणसं जमवू नका. एक गुन्हा दाखल झाला की निशाणी ५ च्या सुनावणीत तुम्ही अन्याय झालेले सहहिस्सेदार राहत नाही, भांडखोर होता. काम सुरू दिसलं तर फोटो, ११२ ला फोन, आणि मनाई हुकूम असेल तर त्याच दिवशी हुकूम मोडल्याचा अर्ज.

पायरी ११: बोलणी आली तर

बहुतेक दाव्यांत ती येतात, साधारणपणे निशाणी ५ चा निकाल तुमच्या बाजूनं लागल्यावर. नकार देऊन टाकू नका. न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात बसा. घरातल्या थोरल्याला, शक्यतो दोन्ही घरांचं ऐकून घेणाऱ्या मामाला, सोबत न्या. मात्र कोऱ्या कागदावर, ‘नंतर भरू’ म्हणालेल्या मुद्रांकावर किंवा नुसत्या विसार पावतीवर सही करायची नाही.

ठरलं ते तडजोड पुरसीस (दोन्ही बाजूंच्या सह्यांचं लेखी निवेदन) म्हणून न्यायालयात दाखल करून तसा हुकूमनामा घ्या. जमिनीचा तुकडा मिळणार असेल तर मोजणी नकाशा पुरसीशीला जोडलेला हवा. रस्ता आणि विहिरीच्या पाण्याचा हक्क त्यात शब्दांत लिहिलेला हवा. पैसे मिळणार असतील तर चेक वटल्याशिवाय, आणि हिस्सा मिळणार असेल तर सातबारा तुमच्या नावे फुटल्याशिवाय, लिस पेंडन्सची नोटीस मागं घेऊ नका.